पैलवानाची खोली

पैलवान हे नाव ह्या कुत्र्याला पिल्लू असताना त्याचे पंजे बघून ठेवलं होतं. पंजांच्या मापाने अंग वाढलं, काळीज मात्र पिल्लाचंच राहिलं. फुगा फुटला की तो कपाटामागे, कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली, आणि सणाच्या सुट्ट्यांत चौकात फटाके सुरू झाले की मिळेल त्या फटीत. मागल्या वर्षी त्याला फट मिळाली ती नेमकी घराच्या दाराची. पाहुणे आत येत होते आणि पैलवान त्यांच्या पायांतून बाहेर गेला.

सगळं घर हाका मारत गल्लीबोळ हिंडलं. सासूबाई तर घरातल्या सपाताच घालून निघाल्या होत्या. शेवटी बेकरीवाल्याच्या गाडीखाली तो सापडला, काजळी फासलेला आणि थरथरणारा. सासूबाईंचा घसा पुढे कितीतरी दिवस बसलेलाच होता. त्या दिवसांत घरात मोठी शांतता होती, असं सासरे बोलले; पण एकदाच.

म्हणून यंदा सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं, "पाहुणे यायच्या आत ह्याला मामांच्या गोदामावर पोचवा. तिथे जागा आहे, राखणीला कुत्रा हवाच आहे त्यांना. कायमचा राहू दे तिकडेच."

"राखणीला? हा?" सूनबाई म्हणाली. "आई, चोर आला तर हा चोराच्या मांडीवर जाऊन बसेल."

"बसू दे. मला तो शोधायचा घोर पुन्हा झेपायचा नाही."

पैलवान सूनबाईच्या माहेरचा. लेक पोटात होती तेव्हा ओकाऱ्या काढून थकलेली ती न्हाणीघराच्या दारातच बसून राहायची, आणि हे धूड काही न विचारता तिला टेकून बसायचं. तो गोदामावर साखळीला बांधलेला तिच्या डोळ्यांसमोर येईना. तिने एक संधी मागून घेतली. पाहुणे असेपर्यंत तो दाराबाहेर गेला नाही तर राहील. गेला तर ती स्वतः त्याला पोचवून येईल.

"बघू," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सल्ला दिला, "औषध लागलं तर देईन, पण आधी त्याला एक खोली दे. मंद उजेड, त्याचं नेहमीचं अंथरूण, बाहेरचा आवाज झाकायला पंखा. आणि आत माणसांची जत्रा नको."

सासूबाई घरीच शिवणकाम करत. त्यांची शिवणाची खोली कापडाच्या ताग्यांनी भरलेली, तिथे आवाज शिरला तरी मऊ होऊन शिरायचा. सूनबाईने खिडकीला दुहेरी पडदे लावले. सुया, दोरे, कात्र्या कुलपात ठेवल्या. पैलवानाची मळकी गादी मुद्दाम धुतली नाही, वासाने त्याला बरं वाटावं म्हणून. पाहुण्यांची चॉकलेटं फ्रिजच्या डोक्यावर गेली, दारावरच्या बेलची वायर निघाली, आणि घरातल्या प्रत्येकाकडून तिने घोकून घेतलं: आधी खोलीचं दार लावायचं, मग बाहेरचं उघडायचं.

"बँकेच्या तिजोरीला एवढे सोपस्कार नसतात," नवरा म्हणाला.

"तिजोरी पळून जात नाही," ती म्हणाली.

पाहुणे आले. थोरली नणंद, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुलं. नणंद शाळेत मुख्याध्यापिका. तिने नुसतं "पाणी" म्हटलं तरी शेजारची पोरं ताठ उभी राहत. मुलांनी गाणी वाजवायचा मोठा स्पीकर आणला होता, माईकसकट. दुपारपर्यंत दिवाणखान्यात असा काही कल्ला माजला की सूनबाईची दीड वर्षाची लेक ठमीसुद्धा स्वतःचं रडणं थांबवून ऐकत बसली.

पैलवान मात्र पंख्याच्या घरघरीत आडवा पडून होता. सूनबाई अधूनमधून डोकावायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

जेवणं झाल्यावर सासरे उठले. "त्याच्या भांड्यात पाणी आहे का बघून येतो." गेले ते गेलेच.

थोड्या वेळाने नवरा म्हणाला, "बाबा कुठे राहिले बघतो." तोही गेला.

मग नणंद स्वयंपाकघरात आली. "वहिनी, तुझ्या त्या कुत्र्याच्या खोलीत अंधार आहे ना गं?"

"आहे. पण ताई, तुम्हाला तर कुत्र्यांचा—"

"कुत्रा एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. वर्षभर घंटा ऐकतेय, आता हा माईक. पाचच मिनिटं."

सूनबाई ठमीला कडेवर घेऊन भांडी आवरत राहिली. केव्हातरी स्पीकर थांबला. मग मुलांची पावलंही ऐकू येईनाशी झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने चहा गरम असताना प्यायला, आणि शांतता किती छान असते ह्या विचारात ती बेसावध राहिली.

संध्याकाळी चौकात पहिला फटाका फुटला तेव्हा ती दचकली. त्याच वेळी दारावर थापा पडल्या. खोलीकडे बघायचं सोडून तिने दार उघडलं. बाहेर नणंदेचे यजमान, हातात बर्फाची पिशवी.

"अहो, मी उघडंच टाकून गेलो होतो दार, पटकन परत येता येईल म्हणून," ते म्हणाले. "कोणी लावलं?"

ठमीला घट्ट धरून ती शिवणाच्या खोलीकडे धावली. दार सताड उघडं. आत सासरे ताग्यांना टेकून घोरत होते. मुख्याध्यापिकाबाई पाय शिवणयंत्राच्या स्टुलावर टाकून झोपलेल्या, तोंड उघडं. मुलं तिच्या नवऱ्याबरोबर कुजबुजत पत्ते खेळत होती. मळक्या गादीवरसुद्धा त्यांतलाच एक भाचा पसरला होता.

"पैलवान कुठाय?"

"मघाशी उठून गेला," नवरा म्हणाला. "जागाच नव्हती ना त्याला. मोठा उसासा टाकून गेला बिचारा."

"आणि तू जाऊ दिलास? बाहेरचं दार उघडं होतं! काय रे हे!"

पत्ते खाली पडले. नणंद जागी होऊन कोणावर तरी गरजणार, तेवढ्यात सासरे पुटपुटले, "हिला सांगू नका. आपणच शोधू." पण 'ही' होती कुठे? सासूबाई दुपारपासून कोणालाच दिसल्या नव्हत्या. सूनबाईच्या डोळ्यांसमोर घरातल्या सपाता घालून हाका मारत निघालेल्या सासूबाई उभ्या राहिल्या, आणि तिला रडू फुटलं.

बाहेर फटाक्यांची माळ कडाडली. सगळे दिवाणखान्यात धावले.

"ओरडू नका रे! आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

आवाज जेवणाच्या टेबलाखालून आला होता. सूनबाईने टेबलावरची लांब चादर वर केली. आत सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, केस विस्कटलेले. त्यांच्या मांडीवर पैलवानाचं डोकं, आणि त्याच्या कानांवर त्यांचे दोन्ही हात.

"दार बघितलं तर सताड उघडं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "हा पायपुसण्यावर उभा, बाहेर बघत. म्हटलं, आता गेला. हाक मारायला आवाजच फुटेना. तर हा आपणच वळला, मी दार लावलं, आणि हा माझा पदर हुंगून इथे येऊन पडला. घरात तेवढी एकच जागा रिकामी होती."

"आई, तुम्ही इथे कधीपासून?"

"माझ्या खोलीत मला कोणी जागा ठेवली होती? पुढल्या वेळी माणसांना वेगळी खोली करा." पैलवानाने झोपेत पाय झाडले. त्यांनी त्याला हळूच थोपटलं. "आणि मामांना कळवा, गोदामाला दुसरा कोणीतरी बघा म्हणावं. हा बाहेर जायला तयार नाही, मी काय करू?"

सूनबाई हसत होती की रडत होती हे ठमीलाही कळेना. ती आईच्या गालावर हात फिरवून बघत होती. मागे उभी मंडळी वाकून बघू लागली.

"गर्दी नको," सासूबाई दटावून म्हणाल्या. "सूनबाई, आत तरी ये, नाहीतर चादर तरी सोड. त्याच्या डोळ्यांवर उजेड येतोय."

ती ठमीला घेऊन आत शिरली.