गुटगुटीत

"मान भिंतीकडे करा," मी म्हणालो.

"का रे?" सदाशिवरावांनी विचारलं.

"लिनक्स लाजाळू असतं. पासवर्ड टाकताना आपण बघत बसलो तर घेत नाही. म्हणून तर अक्षरं दिसत नाहीयेत तुम्हाला."

अक्षरं दिसत नव्हती हे खरं. लॅपटॉपला हुकूम द्यायच्या त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकताना साधा ठिपकाही उमटत नाही, तशी रीतच आहे. पण ते सरळ सांगून टाकायला मी काय वेडा आहे? सदाशिवरावांनी निमूट कॅलेंडरकडे तोंड केलं आणि एका बोटाने चाचपडत पासवर्ड टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"बघा, रुसवा गेला," मी म्हटलं, आणि चहाचा कप तोंडाला लावला. नाहीतर फुटलोच असतो.

सदाशिवराव साताऱ्याचे. इथे चंदीगडला सेक्टर बत्तीसच्या सरकारी हॉस्पिटलात ईसीजी काढता काढता रिटायर झाले. माणूस म्हणजे सरळ रेघ. ईसीजीत सरळ रेघ आली तर काय समजायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे, पण स्वभावाला दुसरा शब्द नाही. जावयाने जुना लॅपटॉप दिला तेव्हा माझ्या सेक्टर सतरातल्या दुकानात घेऊन आले. मी म्हटलं, विंडोज टाकून देतो.

"लायसन आहे?"

"यार सदाशिवराव, अख्ख्या चंदीगडात कुणाकडे आहे?"

"मग चोरीचं नको."

म्हणून फुकटचं आणि सज्जन असं लिनक्स टाकलं. फक्त त्याचं आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं काही जमेना. दोघांचं जुळवून देणारा ड्रायव्हर नाही म्हटल्यावर चौकोनी चित्र रुंद स्क्रीनभर ताणून बसायचं. गणपतीच्या फोटोतला मोदक घावनासारखा दिसायचा. व्हिडिओ तर असे अडखळायचे की आवाज पुढे आणि ओठ मागे.

आणि सदाशिवरावांना दाखवायचा होता तो व्हिडिओच. गेल्या जानेवारीत गच्चीवर काढलेला. उन्हात शाल घेऊन शशिकलावहिनी मटार सोलतायत आणि कॅमेऱ्यामागून सदाशिवरावांचा आवाज येतोय. पुढे मार्चमध्ये वहिनी गेल्या. मुलगी लीना तेव्हा मस्कतला बाळंतीण, येऊच शकली नाही. ती आज संध्याकाळी बाळाला घेऊन पहिल्यांदाच येत होती.

"आईचं बोलणं तरी तिला नीट ऐकू येऊ दे," म्हणून ड्रायव्हर बसवायला सकाळी सकाळी मला बोलावलं होतं.

काम सुरू करण्याआधी आम्ही तो व्हिडिओ तसाच अडखळत पाहिला. वहिनी म्हणतात, "फार वाळल्यासारखी दिसतेय का हो मी?" कॅमेऱ्यामागून उत्तर, "छे! चांगली गुटगुटीत दिसतेस." आणि खरंच, गाल असे भरलेले, की मी म्हटलं, "वहिनी काय, तुमच्या घरचा मटार मानवला होता!" सदाशिवरावही हसले.

तर पासवर्ड लागला. मी म्हटलं, "आता तो विचारेल, पुढे जाऊ का? त्याला हो म्हणा." तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. इंडस्ट्रियल एरियातल्या एका सरदारजींचा प्रिंटर सकाळपासून माझी वाट बघत होता. "हांजी पाजी, बस रस्ते में हूं," असं चप्पलही न घालता गॅलरीतून सांगून मी परत आलो. सदाशिवराव घामाघूम.

"विन्या, हे ऐकेना. मी हो म्हणतोय, हे काम सोडून देतंय."

स्क्रीनवर बघितलं. इंग्रजी अक्षरांत टाईप केलं होतं, 'हो'. त्याच्याखाली अबॉर्ट. मग 'होय'. अबॉर्ट. शेवटी 'हांजी'. अबॉर्ट.

"हांजी?"

"म्हटलं, इकडचं असेल."

मी पलंगावर आडवा पडून हसलो. "अहो, इंग्रज आहे तो! वाय दाबायचा, येसचा वाय!"

"मग हो म्हणा काय म्हणालास, लेका!"

वाय दाबला. बराच वेळ आकडे धावले. लॅपटॉप बंद करून चालू केला तर पडदा असा लख्ख की काय सांगू. मोदक पुन्हा मोदकासारखा झाला. "बघा उस्तादाचं काम," म्हणत मी व्हिडिओ लावला.

आवाज आणि ओठ अगदी बरोबर चालले. पण चित्राचा ताण गेला तसे वहिनींचे भरलेले गालही गेले. शालीतून गळ्याची हाडं वर आलेली. मटाराची शेंग उचलायला हात वर झाला, तशा बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. "फार वाळल्यासारखी दिसतेय का हो मी?" वहिनींनी विचारलं.

"छे! चांगली गुटगुटीत दिसतेस."

सदाशिवरावांनी व्हिडिओ थांबवला.

"विन्या, हे काढता येतं?"

"काय?"

"ड्रायव्हर. सकाळी होतं तसं कर."

"अहो, पण मग पुन्हा अडखळेल. वहिनींचं बोलणं..."

"अडखळू दे." त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला. "लीना रोज फोन करायची. तिला सांगायचो, आई चांगली भरलीय."

आजवर मी लोकांची पुष्कळ चांगली कामं बिघडवली, पण बिघडव म्हणून कुणी विनवलं नव्हतं. मी काळी खिडकी उघडली, ड्रायव्हर काढायचा हुकूम लिहिला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. पासवर्ड त्यांचा.

मी न सांगताच त्यांनी मान भिंतीकडे केली.

"बघितलं तरी चालतं हो," मी म्हणालो. "मी मघाशी थट्टा केली."

"माहितीये," ते म्हणाले, आणि तसंच बोटाने चाचपडत पासवर्ड टाकला. पहिल्याच खेपेला लागला. त्यांनी लॅपटॉप न बघताच माझ्याकडे ढकलला. मान भिंतीकडेच.

"काय म्हणतंय?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"पुढे जाऊ का, विचारतंय."

"हो म्हण."

मी वाय दाबला.