फलोत्पादनाच्या वर्गातला सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. १९९४ साली पेंढ्यात गुंडाळून मला नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आणलं. तिथे अकरावी-बारावीला फलोत्पादनाचा व्यवसाय अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. मुलं द्राक्षाची रोगट पानं आणायची, काचपट्टीवर ठेवायची आणि एक डोळा मिटून माझ्यात बघायची. पानावरच्या पांढऱ्या डागात बुरशीचं अख्खं रान दिसायचं, आणि गोंगाट करणारी मुलंही गप्प व्हायची. तेवढं कौतुक मला पुरे होतं.

सर्वांत जास्त वेळ माझ्याजवळ बसली ती दीपमाला. तिचे वडील पुंजा दिंडोरीकडच्या बागांत औषध फवारायचे. दहावीच्या गुणांवर तिला विज्ञान शाखाही सहज मिळाली असती. पण आमच्या सविता मॅडम म्हणाल्या, "बारावी ती बारावीच. शिवाय हातात काम येईल." त्यांनी ते मनापासून सांगितलं होतं.

दीपमाला बारावीत असताना परदेशातल्या एका विद्यापीठाचे प्राध्यापक बागा बघायला आले. वाटेत आमच्या वर्गातही डोकावले. दीपमालाने केवडा या बुरशीच्या रोगाने डागाळलेलं द्राक्षाचं पान माझ्याखाली लावलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो रोग समजावून सांगितला. जाताना ते म्हणाले, "आमच्याकडे द्राक्षशास्त्राची पदवी आहे, शिष्यवृत्तीही आहे. तू अर्ज कर."

त्यानंतर ती मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी बसून इंग्रजी मोठ्याने वाचायची. एकदा पुंजा वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, पोरगी लय लांब जायचं म्हणते. जाऊ द्यावी का?"

"जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या.

"मग मी नाय अडवणार."

बारावीला दीपमाला कॉलेजात पहिली आली. तिच्या अर्जाचं उत्तर आलं, ते मॅडमनी प्रयोगशाळेतच तिला वाचून दाखवलं. विद्यापीठाला बारावीचं रसायनशास्त्र आणि गणित हवं होतं. आमच्या अभ्यासक्रमात ते विषय नव्हतेच.

"पण मी पहिली आले ना?"

"विषयच नाहीत गं."

"मग अकरावीलाच सांगायचं होतं, मॅडम. मी सायन्स घेतलं असतं."

पुंजा पुन्हा दोन वर्षं शिकवायला तयार होते, पण अकरावीपासून सुरुवात करायचा धीर दीपमालाला झाला नाही. ती दिंडोरीजवळच्या एका वाइनच्या कारखान्यात लॅबमध्ये लागली.

पुढच्या जूनपासून मॅडम प्रवेशाला आलेल्या प्रत्येक पालकाला स्पष्ट सांगू लागल्या, "इथे शिकून काम मिळेल. पण परदेशात शिकायचं असेल, तर तिकडे कोणते विषय लागतात ते आधी बघा."

प्राचार्य वैतागले. "असं सांगितलंत तर वर्ग भरणार कसा?"

"नाही भरला तर नाही," मॅडम म्हणाल्या.

आणि तो भरला नाहीच. पोरं दरवर्षी कमी होत गेली, आणि २००६ साली अभ्यासक्रम बंद झाला. मी कपाटात गेलो. ओल लागून माझ्या भिंगावरच बुरशी चढली.

दोन वर्षांनी दीपमाला मॅडमना भेटायला आली. तिने कपाट उघडायला लावलं, ओढणीने मला पुसलं आणि माझ्यात डोकावून पाहिलं. दिसलं काहीच नाही.

"तेव्हा मी नीट चौकशी करायला हवी होती," मॅडम हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?" दीपमाला म्हणाली. "आमच्याकडे गावातल्या पोरी लॅब बघायला येतात. कितवीला आहेस, पुढे काय करायचंय, एवढं मी आधी विचारते."

मित्रांनो, मला वेळेवर मऊ कापडाने पुसलं असतं, तर मी आजही कामाचा असतो. पण त्याचं मला फारसं वाटत नाही. दहावीनंतर वाट निवडताना ती पुढे कुठे अडते, हे तुम्ही जरूर विचारा. आणि ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनी मुलांच्या विचारण्याची वाट बघू नये.