शेजारच्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. चालकाच्या पायाखाली असतो तो नव्हे. त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला जो बसतो, त्याच्या पायाखालचा. तुमच्या घरच्या गाडीत मला शोधू नका, मी सापडणार नाही. मोटार शिकवणाऱ्यांच्या गाडीतच माझ्यासारखे असतात, आणि एका गाडीत एकच. त्यामुळे माझ्यासारखा दुसरा मी जन्मात पाहिला नाही.

माझा जन्म १९९१ साली गंगेपलीकडे रामनगरात, विष्णू मिस्त्रीच्या दुकानात झाला. यज्ञेश्वरकाका आपली जुनी पांढरी अ‍ॅम्बॅसेडर घेऊन तिथे आले होते. काका काशीतल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या मराठी घरातले. घरात सगळे पुरोहित. यांनी मात्र सारी उमर सरकारी जीप चालवण्यात घालवली. मग काकू गेल्या, नोकरी संपली, घर खायला उठले, तेव्हा त्यांनी मोटार शिकवायचे ठरवले.

विष्णूने एक लोखंडी पट्टी तापवून वाकवली, तिच्यावर टायरचा तुकडा बसवला आणि एका सळईने मला चालकाच्या ब्रेकला जोडले. मला दाबले की तो ब्रेकही आपोआप खाली जाई, आणि तो दाबला की मीही.

"पंडितजी, अब आपके हाथ में कुछ नहीं," विष्णू हसत म्हणाला. "सब पैर में है."

काकांकडे शिकायला येणारे बहुतेक गल्लीत वाढलेले. त्यांच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की मोटार आत शिरतच नाही. ती मैदागिनच्या चौकात रस्त्यावर सोडून घरी चालत जावे लागते. गल्लीत गाय आली की माणूस भिंतीला चिकटतो, आणि माणूस आला की ओरडतो. ही सवय घेऊनच लोक मोटारीत बसत.

त्यांतला एक मोहन. बँकेत नोकरीला, तिशीचा, हसरा. समोर कोणी आले की ब्रेक दाबायचे सोडून तो खिडकीतून डोके बाहेर काढी. "अरे हटो भैया! हटो!"

"मोहन, माणसं हटतील रे," काका म्हणत. "विजेचा खांब हटेल का?"

"काका, बनारसचा खांब आहे. पान खायला तरी बाजूला होईल!"

दोघे हसत. तोवर काकांनी मला दाबलेले असे आणि गाडी थांबलेली असे.

काकांचा पाय फार चपळ होता, आणि मन फार मऊ. शिकणाऱ्याचा धीर खचू नये, म्हणून ते मला गुपचूप दाबत आणि मोठ्याने म्हणत, "वा! काय वेळेवर ब्रेक मारलास!" शिकणाऱ्याचा पाय त्याच्या ब्रेकवर नुसता टेकलेला असे. ब्रेक खाली जाई, त्याच्याबरोबर पायही खाली जाई. त्याला वाटे, आपणच दाबला. तो खुश, काका खुश. मैदागिनला सगळे म्हणत, यज्ञेश्वरकाकांसारखा शिकवणारा नाही, कधी आवाज चढवत नाहीत.

खरे मला ठाऊक होते. मी म्हशी वाचवल्या, सायकली वाचवल्या, एकदा फुलांची टोपली घेऊन चाललेली म्हातारी वाचवली. पण खाली अंधारात पडलेल्या लोखंडाला कोण विचारतो? शाबासकी वरच्या वर वाटली जाई. सुरुवातीला मला त्याचे वाईट वाटे. मग एकटेपणाची सवय झाली. पण हे चुकते आहे, असे मात्र माझ्याही मनात कधी आले नाही.

मोहनने परवान्याची परीक्षासुद्धा आमच्याच गाडीत दिली. परीक्षा घेणारे साहेब मागे, काका शेजारी. एका वळणावर काकांनी मला हलकेच दाबले. साहेबांना कळले नाही, मोहनलाही नाही. तो पास झाला. सगळ्यांना पेढे मिळाले.

मग त्याने एक जुनी निळी मारुती घेतली. तिच्यात मी नव्हतो. चौथ्या दिवशी, भर सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, मोहन एका उभ्या ट्रकवर जाऊन आदळला.

त्याचा जीव वाचला. उजव्या गुडघ्याचा मात्र चुरा झाला. मैदागिनला बातमी आली की ब्रेक निकामी झाला होता. काका हळहळले आणि पुढच्या माणसाला शिकवू लागले.

महिन्याभराने एका दुपारी मोहनची बायको शरदिनी आली. काका गाडीचे दार उघडे टाकून आत एकटेच बसले होते. ती दारातच उभी राहिली.

"काका, विष्णू मिस्त्रीने गाडी पाहिली. ब्रेक ठणठणीत आहे."

"मग मोहन काय म्हणतो?"

"म्हणतात, ट्रक लांबूनच दिसला होता. पाय ब्रेकवरच होता. पण ब्रेक खाली गेला नाही. पाय ठेवून वाट बघत होते."

"कशाची वाट?"

"तो खाली जायची. म्हणतात, काकांच्या गाडीत जायचा."

काकांनी वाकून माझ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मला पाय पुष्कळ लागला होता, हात पहिल्यांदाच लागला. तो थंड होता.

"हा बघ, पोरी," ते म्हणाले. "हा खाली न्यायचा. म्हणजे मीच न्यायचो. आणि शाबासकी त्याला द्यायचो."

शरदिनीने मला पाहिले. मग काकांना पाहिले.

"तुम्ही त्यांना गाडी चालवायला शिकवलीत, का गाडीत बसायला?"

काकांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. "आता मी कोणालाच शिकवणार नाही," ते म्हणाले.

"असं कसं? मला शिकायचं आहे. आठवड्यातून तीनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं. रिक्षाच्या हिसक्यांनी ते कळवळतात, मला बघवत नाही. गाडी दुरुस्त होऊन उभी आहे." ती थांबली. "फक्त खोटं कौतुक नको. मला घाबरवा, रागवा, पण खरं सांगा."

दुसऱ्या दिवसापासून काका तिला शिकवू लागले, आणि माझे आयुष्य पालटले. काका आता मांडी घालून बसत.

"काका, पूजेला बसलात की काय?"

"तसंच समज. देवाचं नाव मी घेतो, ब्रेक तू घे."

पण पहिल्याच दिवशी एक सायकलवाला आडवा आला आणि काकांना मांडी मोडून मला दाबावे लागले. गाडी थांबल्यावर ते स्पष्ट म्हणाले, "हा माझा होता. तू एकटी असतीस तर तो सायकलवाला आत्ता कुठे असता, सांग." शरदिनीचे डोळे भरून आले. पदराने पुसून तिने पुन्हा गाडी सुरू केली.

दर वेळी असेच. "हा माझा होता." काकांच्या तोंडून माझ्या कामाची कबुली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण मित्रांनो, गंमत पाहा. आता मला ती ऐकू नये असे वाटू लागले. हळूहळू तसेच झाले. एक आठवडा गेला, मला कोणी दाबले नाही. दुसरा गेला. मी इतका एकटा कधीच नव्हतो.

शेवटच्या दिवशी ती गाडी रामनगरच्या रस्त्याला घेऊन निघाली. पुलाकडे जाताना पुढचा विटांचा ट्रक एकाएकी थांबला. काकांची मांडी सुटली. त्यांचा पाय माझ्यावर आला. मीही तयार झालो.

आणि माझी सळई आपोआप खेचली गेली. काकांनी दाबण्याआधीच मी खाली निघालो होतो. पलीकडून कोणीतरी ब्रेक दाबला होता. गाडी ट्रकच्या मागे चार हातांवर उभी राहिली.

मग शरदिनीने विचारले, "काका, हा कोणाचा होता?"

"तुझा."

"खरं सांगा."

"खोटं बोलत आलो, त्याने एका माणसाचा पाय गेला. आता नाही बोलणार. तुझाच होता."

परवाना हातात आल्यावर पुढच्याच सोमवारी ती मोहनला मारुतीत घालून दवाखान्यात घेऊन गेली. तिची वाट माझ्याजवळून गेली नाही. मला कोणी निरोपही दिला नाही, आणि देणार तरी कशाला?

आज अ‍ॅम्बॅसेडर मोडीत निघाली आहे. मी एका भंगाराच्या ढिगात गंज खात पडून आहे. कंटाळा येतो, पण तक्रार नाही. तुम्ही मोठे व्हाल, गाडी शिकाल, तेव्हा माझी एवढी विनंती लक्षात ठेवा. घाईने शिकू नका. फुकटची शाबासकी घेऊ नका. गाडी थांबली की शेजारी बसलेल्याला दर वेळी विचारा, "आत्ता कोणी थांबवली?" आणि "तू" असे खरे उत्तर येईपर्यंत त्याला सोडून रस्त्यावर एकटे जाऊ नका.