पितळी तार

भागोजी माडावरून पडूनही वाचला, देवाची कृपाच! पण उजव्या हातातली ताकद गेली ती गेलीच. त्याची एकतारी मृदंग-टाळांच्या गजरात कुणाच्या कानीच पडेना. पावस गावच्या भजनमंडळीचे पुढारी आप्पा एक दिवस खाली मान घालून म्हणाले, "भागोजी, यंदा सप्ताहाला एकतारी बाबल्या धरील." झालं! जन्मभर धरलेली जागा गेली तर माणसाचं उरतं काय?

पुतण्या काशीराम मुंबईत रेडिओ दुरुस्त करायचा. तिथल्या हॉटेलात विजेवर मोठ्यानं वाजणारी गिटार त्यानं पाहिली होती. "काका, तुमच्या एकतारीलाही तसंच करू." मोडक्या लॉरीतलं लोहचुंबक त्यानं मिळवलं. पुठ्ठ्याच्या रिळावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळायची नि मधोमध चुंबक बसवायचं. हे रीळ एकतारीच्या तारेखाली बसवलं, की वरची तार हलताच रेडिओतून मोठ्यानं आवाज निघणार. पण गुंडाळताना ती तांब्याची तार तुटायची, आणि काशीराम मुंबईच्या शिव्या द्यायचा. शेवटी भागोजीची बायको सखू वैतागली. "सर मेल्या बाजूला! वाती वळण्यात जन्म गेलाय माझा." माळ्यावरचा चरखा काढून तिनं चातीवर रीळ खोचलं, आणि एकदाही न तोडता भरून दिलं.

सप्ताहाला आप्पांचा बॅटरीवरचा रेडिओ देवळात आला. त्याच्या मागे ग्रामोफोन जोडतात तिथं काशीरामनं रिळाच्या तारा जोडल्या. भागोजीनं एकतारी छेडली. रेडिओ ढिम्म!

"काल रिळाजवळ विळा नेऊन हलवला तर रेडिओ खर्रकन बोलला होता!" काशीराम घामाघूम झाला. मग वाकून बघतो तो काय! त्यानं कपाळावर हात मारला. "काका, तार पितळेची!"

असणारच. खाऱ्या वाऱ्यात पोलादी तार बघता बघता गंजते, म्हणून इथं सगळे पितळेचीच लावतात. मुंबईत राहून काशीराम ते विसरला होता, आणि पितळ काही चुंबकाला दाद देत नाही. पोलादी तार मिळायची रत्नागिरीत, भजन तर आत्ता सुरू व्हायचं. लोक हसू लागले. भागोजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऱ्हाऊ दे पोरा. खूप केलंस माझ्यासाठी," तो म्हणाला.

कोपऱ्यात बाबल्या मुंबईहून मागवलेली कोरी एकतारी घेऊन बसला होता. तिची तार पोलादी. आजचा मान त्याचा. त्यानं सगळ्यांकडे बघितलं, खुंटी पिरगळली आणि तार सोडवली.

"अरे बाबल्या, हे काय?"

"गप बसा वो काका. तुमच्याच मागं बसून शिकलो. धरा."

नवी तार चढली. भागोजीचं लुळं बोट तिला नुसतं लागलं, आणि देऊळ सुरानं भरून गेलं. मृदंगवाला दचकला. बायकांत बसलेल्या सखूनं डोळ्यांना पदर लावला.

"म्हण भागोजी, देवाला नमस्कार करून सुरू कर," आप्पा म्हणाले.

भागोजीनं एकतारी काशीरामच्या हाती दिली, बाबल्याजवळ गेला आणि त्याच्या मांडीवरच्या बिनतारेच्या एकतारीवर डोकं टेकलं.

"देव मागाहून, आप्पा," तो म्हणाला. "तो काय कुठं जात नाय."