मंजुळेची गाठ

नवरा गेल्यावर चतुराबाईंना घरात बसवेना. सिडकोतल्या दोन खोल्यांत त्या नुसत्या इकडून तिकडं फिरायच्या. शेवटी सुनेनं शहागंजातून सुती दोरीचं बंडल आणून त्यांच्या हातात दिलं.

"खालच्या मजल्यावरच्या बाई दोरीची तोरणं, झुले शिकवतात. जाऊन बसा की, आई. तेवढाच विरंगुळा."

त्या गेल्या. पण तोरण राहिलं बाजूला, बोटांनी भलतीच गाठ घातली. मग तिच्याशेजारी दुसरी. बघता बघता जाळी उतरू लागली.

"हे कुठं शिकलात?" बाईंनी विचारलं.

"लहानपणी. वाघर म्हणतात हिला. मेंढ्या कोंडायची जाळी."

चतुराबाईंचं माहेर गंगापूरकडं. सुगी झाली की त्यांच्या रानात धनगरांचा तळ पडायचा. रानाला खत मिळावं म्हणून वडीलच मेंढ्या बसवून घ्यायचे. त्या तळावर मंजुळा होती, चतुरेच्याच वयाची. घरच्यांची नजर चुकवून चतुरा तिकडं पळायची आणि दोघी फाटकी वाघर सांधत बसायच्या. मंजुळा बोट धरून शिकवायची, चुकलं की चापट द्यायची. चतुरेला ना भाऊ, ना बहीण. तळ उठला की ती दोन दोन दिवस जेवायची नाही. पुढं लग्न झालं, शहर आलं, मंजुळा सुटली.

आता रोज दुपारी दोरी घेऊन बसलं की चहा गार व्हायचा आणि जीवही निवायचा. पण गाठीगणिक मंजुळा आठवायची. एकदा शेंद्र्याजवळ लग्नाला जाताना रस्त्यात मेंढ्या दिसल्या. चतुराबाईंनी रिक्षा थांबवून मेंढक्याला गंगापूरकडं तळ टाकणाऱ्या मंजुळेचं विचारलं. बिरू त्याचं नाव.

"मंजुळा? आत्याच की माजी! मेंढरं इकली कवाच. खुलताबादेजवळ लेकाकडं असती."

त्याच आठवड्यात चतुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, जाळी पिशवीत घालून एसटीनं निघाल्या.

मंजुळाबाई अंगणात लसूण सोलत होत्या. अंगानं वाळलेल्या, पण नजर तरतरीत.

"मंजुळे, मी चतुरा! गंगापूरकडची. विहिरीवर मोठी चिंच होती, ते रान आमचं."

मंजुळाबाईंनी निरखून पाहिलं. "बाई, किती रानं अन् किती चिंचा! जल्मभर फिरलो आमी. कुणाकुणाचं याद ठिवावं?"

"आपण वाघर सांधायचो. तूच शिकवलंस मला."

"आसंल. लई पोरी यायच्या तळावर. घरात करमायचं नाय त्यास्नी." बोलण्यात डंख नव्हता. त्यांनी सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

चतुराबाईंनी पिशवीतून जाळी काढली. ती हातात घेताच मंजुळाबाई सावरून बसल्या.

"ही गाठ उलटी हाय. मेंढरानं रेटलं की सरकंल. कुणी शिकवली वो तुमाला?"

चतुराबाई म्हणाल्या, "होती एक मैत्रीण."

"तिलाबी नीट येत नसंल मग," मंजुळाबाई हसल्या. "इकडं द्या बोट." आणि खरबरीत हातांनी त्यांनी ते बोट धरून दोरी फिरवली. चतुराबाई गाठीकडं बघत नव्हत्या. चहा झाला. निघताना मंजुळाबाईंनी कुंकू लावलं, सोललेला लसूण बांधून दिला आणि विचारलं, "नाव काय म्हनलं तुमी?"

एसटी स्टँडवर मात्र चतुराबाईंना रडू आवरलं नाही. नवऱ्याच्या दहाव्यालाही त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. पेरू विकणारी बाई पाटी सोडून जवळ आली.

"काय झालं, माय? कोण गेलं?"

"कुणी नाही गं," चतुराबाई म्हणाल्या. "जिला भेटायला आले, ती घरीच होती."