सोडा त्याला

रॉबर्टला हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा पाचूबंदरची सगळी आळी दारात येऊन उभी राहिली होती, पण मोठ्यानं कोणी बोललं नाही. उधाणात बोट घालून दुसऱ्यांची माणसं काढून आणणारा हा तांडेल, बोटीचा कप्तान. त्याला त्याच्या धाकट्या भावानं, ॲन्सेल्मनं, रिक्षातून एकट्यानं उचलला आणि झोपलेलं पोर न्यावं तसा आत नेला. शेजारची एक म्हातारी तेवढी ‘येशू, मरिये’ म्हणाली आणि पदर तोंडाला लावून घरात शिरली.

ते दोन हजार पाच साल. जुलैच्या पुरानं वसईत घराघरांत पाणी भरलं होतं. रॉबर्ट मांडीभर पाण्यात फिरून लोकांना बाहेर काढत होता. पायाला एक जखम होती, तिच्याकडे बघायला त्याला वेळ झाला नाही. नंतर ताप भरला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि एके सकाळी खोकल्यातून रक्त आलं. पुराच्या पाण्यातून लेप्टो झालाय, डॉक्टर म्हणाले. मुंबईच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत त्याची शुद्ध गेली होती. ऑगस्टचा बहुतेक महिना तो आयसीयूत, घशात नळी घातलेला, मशीनच्या श्वासावर पडून होता.

आता नळी निघाली होती, पण तिच्याबरोबर बरंच काही निघून गेलं होतं. मांड्या दंडाएवढ्या झाल्या होत्या. उशीवर केसांचे पुंजके पडत. वाऱ्याच्या उलट हाक पोचवणारा त्याचा आवाज घोगरा, फाटका झाला होता. साधं पाणी प्यायलं तरी ठसका लागे. बायकोनं, फ्लोरानं, बोंबलाचं कालवण केलं तर त्याला गंजलेलं लोखंड चाटल्यासारखं लागलं. टाचेला आणि पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या, त्या फ्लोरा रोज धुवायची. तिनं मासळीची पाटी विकायला नेणं बंद केलं होतं. भरवणं, पुसणं, भिंत धरून मोरीपर्यंत नेणं, सगळं तीच करायची.

फक्त त्याच्या डोळ्यांत बघायची नाही.

आणि रॉबर्ट तिच्यावर नजर ठेवून असायचा. ती वळली की तिच्या पाठीकडे, ती औषध ओतायला लागली की तिच्या हातांकडे. कारण त्याला एक गोष्ट माहीत होती, आणि ती त्याला माहीत आहे हे घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याला हॉस्पिटल आठवतच नव्हतं. त्याला आठवत होता त्याच्याच बोटीचा खण, मासळी ठेवायचा, बर्फानं भरलेला. तो त्यात उताणा पडला होता. थंडी हाडांत शिरली होती. फळ्यांखाली पाणी सारखं बुडबुडत होतं, म्हणजे बोटीला कुठंतरी भोक होतं आणि ते फक्त त्यालाच कळलं होतं. ओरडावं तर तोंडात दोर कोंबलेला. हात दोन्हीकडे बांधलेले. वर खणाच्या तोंडाशी माणसं वाकून बघत होती, त्यांची तोंडं झाकलेली होती. आणि त्यांच्यात फ्लोरा होती. तिचं तोंडही झाकलेलं होतं, पण आवाज तिचाच. पंचवीस वर्षं ऐकलेला आवाज ओळखायला तोंड कशाला लागतं?

ती म्हणत होती, “सोडा त्याला. पुरे झालं आता. सोडा.”

दर्यावर मेलेलं, सडलेलं जे नको असेल ते पाण्यात सोडतात. त्याच्यापुढं काही आठवत नव्हतं. काळं पाणी, छाती फुटायला आलेली, आणि मग कोणीतरी कपाळावर तेल लावत होतं.

हे स्वप्न असतं तर विरून गेलं असतं. हे विरत नव्हतं. भरदुपारी, ती पेज घेऊन समोर बसली असताना, तो आवाज तिच्या या आवाजाच्या मागून यायचा. मग तो म्हणायचा, “तू अगोदर खा.” तिला वाटायचं, गरम आहे का बघायला सांगतोय. ती चमचाभर खायची आणि मग तो तोंड उघडायचा.

त्यांची मुलगी क्रिस्टिना गिरीजच्या एका वाडीवाल्याशी लग्न करून तिकडे गेली होती. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती यायची. एकदा फ्लोरा मागच्या दारी असताना त्यानं तिला जवळ बोलावलं आणि दोन्ही मनगटं पुढं केली. त्यांच्यावर तपकिरी वळ अजून होते.

“क्रिस्टिना, माझे हात कोनी बांधले होते?”

तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. “कोनी नाय, पप्पा. सलाइनच्या पट्ट्या होत्या. तापात तुला भास झाले.”

“आन कपाळाला तेल?”

“ते फादर आले होते. आजाऱ्यांना लावतात ना, ते.” ती पुढं बोलणार होती, तेवढ्यात फ्लोरा आत आली आणि तिनं मुलीकडे अशा नजरेनं पाहिलं की क्रिस्टिना पदराशी चाळा करायला लागली.

त्या नजरेनं रॉबर्टची खात्री झाली. तेल खरं होतं, वळ खरे होते. मग हेच तेवढं खोटं कसं?

शरीर मात्र मनाला न विचारता भरत चाललं. भिंत सुटली, काठी आली. आवाजात थोडा दम आला. ऑक्टोबरात तो आळीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला लागला. लोक म्हणायचे, तांडेल उठला. कोणी पाठीवर थाप मारायला जायचं आणि हाडं लागली की हात मागं घ्यायचं. फादर घरी आले तेव्हा म्हणाले, “रॉबर्ट, देवानं तुला परत दिलाय.” त्यानं मान हलवली. कोणापासून परत दिलाय, ते विचारावंसं त्याला वाटलं.

एके सकाळी तो काठी टेकत धक्क्यावर गेला. त्याची बोट लागली होती. आता ती ॲन्सेल्म नेत होता. खलाशी बर्फ भरत होते. मशीनमध्ये लाद्या फुटत होत्या, कड् कड् आवाज होत होता. ॲन्सेल्मनं भावाला बघितलं आणि खुशीनं हाक मारली, “ये रे, बघ, तुझ्यावानी भरतोय का नाय!” फ्लोराही तिथंच होती. पाटी नव्हती तरी घरापुरती मासळी घ्यायला आली होती.

रॉबर्ट कडेला जाऊन खाली वाकला. खणाचं चौकोनी तोंड उघडं होतं. आत बर्फ, बर्फावर निळसर धूर. फळ्यांखाली पाणी डचमळत होतं. वरच्या खलाशानं बर्फाची पाटी दोराला लावून पुढं ढकलली आणि खालचा ओरडला, “सोडा! सोडा!”

पुढचं त्याला नंतर लोकांनी सांगितलं. काठी पाण्यात गेली. तो धक्क्यावरच बसला, दोन्ही मनगटं एकमेकांवर दाबून धरली आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असा ओरडला, “फ्लोरा! नको! मना सोडू नको! मी मेलो नाय, फ्लोरा, मी जित्ता हाय!”

बर्फाचं मशीन कोणीतरी बंद केलं. सगळी माणसं फ्लोराकडे बघत होती. ती जागची हलली नाही. मग तिच्या हातातली पिशवी सुटली, मांदेली धक्क्यावर पसरली, आणि ती पळत त्याच्याकडे गेली. त्यानं तिला बघून अंग चोरलं. तेही सगळ्यांनी बघितलं.

घरी आणल्यावर तिनं दार लावून घेतलं. मग समोरच्या स्टुलावर बसली आणि त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलली.

“तुझे हात बांधले होते. क्रिस्टिनाला मीच सांगितलं होतं, बोलायचं नाय म्हनून. तू नळी उपटायचास, म्हनून पट्टीनं खाटेला बांधले होते. मना आत सोडायचे ते तोंडाला कपडा लावून, घटकाभर. तू नुसता हात ओढायचास. मनगटं सोलली होती तुझी. मना बघवेना. मी सिस्टरच्या पाया पडले. म्हटलं, सोडा त्याला. पुरे झालं आता, सोडा. हात सोडा म्हटलं, रॉबर्ट. हात.”

रॉबर्टनं आपल्या मनगटांकडे पाहिलं.

“सिस्टर नको नको म्हनत होती. शेवटी एक हात सोडला. म्हनाली, तुम्ही धरून बसा, सोडू नका. मी धरला. तू माझी बोटं दाबलीस. खरंच दाबलीस. मना इतका आनंद झाला, की डोळे पुसायला मी हात काढला. तेवढाच. तेवढ्यात तू नळी ओढून काढलीस.”

तिचा आवाज अगदी सपाट झाला होता.

“मशीनं ओरडायला लागली. मना बाहेर काढलं. काचेतून बघत होते, तू निळा पडत होतास. नंतर डॉक्टर बाहेर आला आन म्हनाला, तुमच्या फादरना बोलवायचं तर बोलवा. मी मारला तुला, रॉबर्ट. तू वाचलास ते वेगळं. तुझ्याकडे बघायला गेले की तो निळा चेहरा दिसायचा मना.”

आता रॉबर्टनं तिचा हात धरायला हवा होता. त्याऐवजी त्याच्या तोंडून खरं ते निघून गेलं. “मना वाटलं, तू मना दर्यात सोडायला सांगत होतीस. म्हनून तुझ्या हातचं अगोदर तुलाच खायला लावायचो.”

फ्लोराला ते कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. “गरम हाय का बघायला नाय?”

“नाय.”

ती उठली. रडली नाही, भांडली नाही. ॲन्सेल्मच्या बायकोला रॉबर्टच्या जेवणाचं सांगितलं, दोन लुगडी पिशवीत घातली आणि गिरीजला मुलीकडे निघून गेली.

घर रिकामं झालं तेव्हा रॉबर्टला वाटलं होतं, आता तरी खण येणार नाही. खण आला. बर्फ तसाच, पाणी तसंच. फक्त वरून येणारा आवाज गेला होता. वर कोणीच नव्हतं, आणि ते जास्त भयंकर होतं. भावजय जेवण आणून द्यायची आणि तो न बघता खायचा. फ्लोराच्या हातचं सोडून इतर कोणाच्याही हातचं आपण बिनघोर खातो, हे त्याला तिथं ताटावर बसल्यावर कळलं आणि घास तोंडात फिरायला लागला.

शेवटी तो एकटाच रिक्षा करून गिरीजला गेला. आजारानंतर तो पाचूबंदरच्या बाहेर पहिल्यांदाच पडत होता. वाडीतली वाट ओली होती, दोन्हीकडे केळी. फ्लोरा विहिरीजवळ अळूची पानं खुडत होती. त्याला बघून ती उभी राहिली, पण पुढं आली नाही. तो केळीच्या बुंध्यांना धरत धरत आला आणि विहिरीच्या कठड्यावर टेकला. धाप ओसरेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

“मी मुद्दाम नाय केलं,” तो म्हणाला. “मना जे दिसलं तेच खरं वाटलं. अजून वाटतं. तू सांगितलंस ते मना पटलंय. पन ते आठवत नाय, आन हे आठवतं. काय करू?”

“मना राग त्याचा नाय,” ती म्हणाली. “पंचवीस वरसं काढली आन तू विचारलं पन नाय. एकदा विचारायचं होतंस.”

“तू पन सांगायचं होतंस.”

ती हसली नाही, पण हातातली पानं तिनं टोपलीत टाकली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. बर्फ? तिथं एसी इतका होता, ती म्हणाली, की माझे पन दात वाजायचे. पाणी? भिंतीवर एक बाटली होती, तिच्यातून हवा जायची, सारखी बुडबुडायची. दोर? ती नळी. असं एकेक करून दोघांनी तो खण उपसला. क्रिस्टिना चहा घेऊन आली आणि दोघांना असं बघून तशीच परत गेली.

“आन एक राहिलं,” रॉबर्ट म्हणाला. हे त्यानं आजवर मनातसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं. “माझ्या डाव्या बाजूला एक मानूस होता. बर्फात, माझ्यावानीच. तो बोलायचा माझ्याशी. भरती कधी लागनार, ते विचारायचा. मी सांगायचो, लागेल, आता लागेल. त्याच्यामुळं मी जागा राहायचो. एक दिवस तो बोलायचा थांबला. बाजूच्या खाटेवर कोन होता, फ्लोरा?”

फ्लोरा आठवत राहिली. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग विहिरीकडे.

“उजव्या बाजूला एक म्हातारी होती,” ती म्हणाली. “डाव्या बाजूला कोन नव्हतं. डाव्या बाजूला भिंत होती.”

संध्याकाळच्या आत ती त्याच्याबरोबर घरी आली.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं पाचूबंदर सिमेट्रीत जमलं. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत गेले. रॉबर्टनं आईबापांच्या क्रुसापाशी मेणबत्त्या लावल्या. मग खिशातून आणखी एक काढली आणि इकडंतिकडं बघत उभा राहिला. ती कुठं लावायची, ते त्याला कळेना. ॲन्सेल्मनं विचारलं, “ही कोनाची?” फ्लोरानं त्याच्या हातातून मेणबत्ती घेतली, डाव्या बाजूच्या भिंतीपाशी जाऊन पेटवली, आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून तिच्याभोवती दोन्ही हात धरून तिथंच बसून राहिली.