जाकिटाची झडती

माझ्या जाकिटाला अकरा खिसे आहेत. हे मला माहीत नव्हतं. बायकोने मोजून नातेवाइकांत जाहीर केलं तेव्हा कळलं. बिनबाह्यांचं, राखी रंगाचं हे जाकीट मी आंघोळ आणि झोप सोडून सदैव अंगात घालतो आणि माणसाला दिवसभरात जे लागू शकतं ते सगळं त्यात असतं. घडीची पक्कड, बोटाएवढी बॅटरी, मोजपट्टी, सुईदोरा, सुतळी, चिकटपट्टी वगैरे. बायकोचा खरा आक्षेप 'वगैरे'वर आहे. कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत माझी थट्टा होते, जिन्यात होते, घरी तर होतेच. थट्टा करणाऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं की तो माझ्याकडे येतो आणि बटण लागलं की थट्टा तिथूनच पुढे सुरू करतो.

माझा साडू तर बटण लावून होईपर्यंतही थांबत नाही. तो विमा विकतो. लोकांना उद्याच्या संकटाची भीती घालून ज्याचं पोट चालतं, तो माणूस स्वतःच्या खिशात साधा रुमाल ठेवत नाही. त्याने कुठेतरी ऐकलं आहे की मोकळ्या खिशाने मन मोकळं राहतं. त्याचं राहतही असेल. शिंक आली की तो माझ्याकडे हात पुढे करतो.

आता अण्णा. अण्णा म्हणजे आमचे सासरे, गेली दोन वर्षं आमच्याकडे असतात. बंदरावर कस्टमच्या नोकरीत त्यांचा जन्म गेला. बोटीतून उतरणाऱ्याच्या पेटीत नुसता हात घालून, न बघता, आत काय काय आहे ते आपण सांगायचो, असं ते सांगतात. आता न बघता सांगण्यावाचून इलाजच उरला नव्हता, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा तर इतका पिकला होता की डॉक्टरीणबाईंनी बजावलं, यापुढे थांबलात तर हा डोळा वाचेल असं मी सांगणार नाही. ऑपरेशनच्या यापूर्वीच्या दोन तारखा अण्णांनी घालवल्या होत्या. एकदा त्यांना सर्दी झाली म्हणून आणि एकदा शेजाऱ्यांना झाली म्हणून. तिसरी तारीख मिळवताना बायकोला दवाखान्यात फोनवर बसणाऱ्या मुलीची मनधरणी करावी लागली होती. चौथी मिळणार नाही, हे त्या मुलीने गोड आवाजात सांगितलं होतं.

त्या तारखेच्या सकाळी साडू गाडी घेऊन आला होता, अण्णा तयार होते, आणि मी बाथरूमचा गळका नळ बघत होतो. आजच नळ कशाला बघायचा, हे बायकोने विचारून झालं होतं. भिजू नये म्हणून मी जाकीट काढून दारामागच्या खुंटीला अडकवलं आणि फडकं आणायला बाहेर आलो. तेवढ्यात अण्णा आत गेले आणि त्यांनी कडी सरकवली. या कडीची मूठ गेल्या आठवड्यात निखळली होती. सुताराला बोलवा, असं बायको म्हणाली होती. मी ती खिशातल्या तारेने बांधून दिली होती. तार उत्तम होती. तिच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

आतून आवाज आला, "जावईबापू, तुमचं काहीतरी माझ्या हातात आलंय."

मूठ तारेसकट आली होती. कडीचा जेमतेम नखभर खुंट उरला होता. तो पकडून सरकवायला पक्कड हवी, आणि पक्कड जाकिटात. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे कर्माने नेऊन खुंटीला टांगून ठेवलं होतं. आयुष्यभर ज्या प्रसंगासाठी मी खिसे भरले, तो प्रसंग आला तेव्हा मी बनियनवर बाहेर आणि खिसे आत.

सुताराने फोन उचलला नाही. साडू म्हणाला, लाथ घालून दार पाडावं. तो असं सुचवतो तेव्हा लाथ दुसऱ्या कोणाची असते. शिवाय आत जागा हातभर, दार पडायचं ते अण्णांवर. एक डोळा वाचवायला निघालो होतो, तिथे डोकंही डॉक्टरांना दाखवावं लागलं असतं.

मी दाराला तोंड लावून सांगितलं की खुंटीवर जाकीट आहे, त्याच्या आतल्या अंगाला, डाव्या हाताचा मधला खिसा, त्यात पक्कड आहे. आत थोडी खुडबुड झाली. मग अण्णांनी घसा साफ केला.

"असं मधूनच नाही सुरू करता येत. वरच्या उजव्या खिशापासून घेऊ. काय आहे ते तुम्ही आधी जाहीर करायचं, मग मी काढायचं."

मी म्हटलं वेळ नाही. ते म्हणाले, बोटीवरून उतरणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा.

बायकोने डोळ्यांनीच खुणावलं की त्यांच्या कलाने घ्या. मी घेतलं. वरचा उजवा खिसा: बॅटरी, पेन, शिट्टी. शिट्टी कशाला, अशी आतून विचारणा झाली. मी सांगितलं की भूकंप झाला, माणूस ढिगाऱ्याखाली सापडला, तर वाजवता येते. आत क्षणभर विचार झाला आणि शिट्टी वाजली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ टॉवेल गुंडाळून धावत खाली आले. साडूने त्यांना समजावून परत पाठवलं. हे त्याने छान केलं. या कामाला खिशात काही लागत नाही.

दुसऱ्या खिशात मी सांगितलं त्यापेक्षा एक वस्तू जास्त निघाली. कुलूप होतं आणि त्याला किल्ली नव्हती. ते कशाचं आहे हे मला आठवेना. जाहीर न केलेला माल, असं अण्णा पुटपुटले आणि कुठेतरी ठेवल्याचा टक्कन आवाज झाला. तिसऱ्यात मेणाचा तुकडा निघाला.

"हे मऊ काय आहे?"

मी सांगितलं, चेन अडकली की तिच्यावर घासायला.

"आजवर कोणाची अडकली?"

"अजून कोणाची नाही."

मागून साडू म्हणाला, हा माणूस वाट बघतोय. बायको हसली. तीस वर्षं माझ्याबरोबर काढलेली बाई माझ्या साडूच्या विनोदाला हसते, तेव्हा माणसाने कोणत्या खिशात तोंड लपवावं? तिने लगेच घड्याळाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. रस्त्यावरची गर्दी धरून आम्ही आत्ताच गाडीत असायला हवं होतं.

चौथ्या खिशात दोन चमचे निघाले तेव्हा माझी हौस फिटली होती. चमचे का दोन, हा प्रश्न मी पुरता ऐकूनही घेतला नाही. दारावर थाप मारून मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला डोळा हवाय की नको, एवढं एकदा सांगून टाका."

थापेबरोबर दार सरळ उघडलं.

अण्णा स्टुलावर बसले होते. समोर पालथी बादली, बादलीवर टॉवेल, आणि टॉवेलवर माझ्या चार खिशांतला ऐवज रांगेने मांडलेला. पक्कड रांगेत नव्हती. ती त्यांच्या मांडीवर होती. कडी सरकलेली होती.

कडी कधी उघडली, असं बायकोने विचारलं. आवाज चढवून नव्हे, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"यांनी सांगितलं तेव्हाच," अण्णा म्हणाले. "पक्कड पहिली काढली."

मग इतका वेळ आत काय करत होतात, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. साडूने तोंड उघडलं होतं, पण बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अण्णा पक्कड उघडत होते, मिटत होते. जन्मभर माणसांना पेट्या उघडायला लावणाऱ्या या गृहस्थांना मी इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं.

"जागेपणी करतात म्हणे," ते म्हणाले. "डोळा उघडाच धरून ठेवतात. सुरी समोरून येताना दिसणार."

या ठिकाणी दुसरा कोणी धीराचे चार शब्द बोलला असता. मी बनियनवर होतो, माझे चमचे बादलीवर होते आणि नमनालाच घडाभर तेल जाऊन दिवा लागला नव्हता. मी म्हणालो, "अण्णा, त्या डोळ्याला वर्षभरात मी दिसलो नाही. मी एवढा थोरला, जाकिटासकट. सुरी काय दिसणार आहे?"

बायकोने कपाळाला हात लावला. अण्णांनी मात्र या मुद्द्यावर विचार केला. "हे खरं आहे," ते म्हणाले. मग उठले आणि जाकीट मी घालीन म्हणाले. मी घालू दिलं. रांगेतली प्रत्येक वस्तू त्यांनी चाचपून आपापल्या खिशात परत ठेवली, एकही चुकली नाही, आणि आम्ही निघालो. वाटेत साडूने माझ्याकडे रुमाल मागितला. मी अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णांनी विचारलं, कशासाठी हवाय.

दवाखान्यात आम्ही उशिराच पोचलो, पण आमच्या आधीच्या म्हातारबुवांनी ऐनवेळी पळ काढला होता आणि ते सापडेपर्यंत अण्णांना घ्यायचं ठरलं. नर्सबाईंनी सांगितलं, अंगावरची धातूची वस्तू आत चालणार नाही. अण्णांचा चेहरा उजळला. ते बाकावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, यात अकरा खिसे आहेत, एकेक वस्तू बघून घ्यावी लागेल, तुम्ही बसून घ्या. मला आता कळलं की जाकीट थंडीसाठी घातलेलं नव्हतं.

नर्सबाईंनी ते त्यांच्या पाठीवरून सोलून काढावं तसं काढलं, त्याची गुंडाळी केली आणि माझ्या हातात कोंबली.

अण्णा बघतच राहिले. "तुम्ही तपासलं नाहीत?"

"काय तपासायचं त्यात?"

"आत काहीही असू शकतं."

"असू दे की बाबा," असं म्हणून त्यांनी अण्णांचा कोपर धरला.

अण्णा चालायला लागले ते बोलतच. आमच्या खात्यात अशी बाई एक दिवस टिकली नसती, इथपासून सुरुवात होती. ते इतके संतापले होते की आपण कोणत्या दारातून आत जातो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. इकडे साडूने फोनवर बायकोच्या थोरल्या बहिणीला कळवून टाकलं की अण्णा जरा घाबरले होते, पण आपण समजूत घातली. बायकोने ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात गुंडाळी होती.

आतलं दार ढकलायचं होतं, नीट मिटत नव्हतं. फटीतून अण्णांचा आवाज आला, खात्यातला, भरदार.

"डॉक्टरीणबाई, त्या ट्रेमध्ये काय काय आहे ते आधी जाहीर करा. मग हात लावायचा."

आत ट्रे सरकवल्याचा आवाज झाला. मग बाईंनी एकेक नाव सांगायला सुरुवात केली.